वाटणीतला पाहुणा

“ताई, आधी तुम्ही बघा. मी बघितलं की मला हवं तेच दिसतं.”

एवढं बोलून वादळानं सूक्ष्मदर्शकासमोरचं स्टूल सोडलं आणि भिंतीला पाठ लावून ती डोळे मिटून उभी राहिली.

वादळ म्हणजे प्रयोगशाळेतली संशोधक विद्यार्थिनी. ती दार उघडत नसे, दारावर चाल करून येई, म्हणून हे नाव. आणि ताई म्हणजे पेशीघराच्या ताई. विद्यार्थी येत, शिकत, पदवी घेऊन उडून जात. ताई जागच्या जागी. माणसाच्या पेशी चपट्या बाटल्यांत, पोषक गुलाबी पाण्यावर, अंगाएवढ्या उबेत वाढवायच्या, दाटी झाली की अर्ध्या दुसऱ्या बाटलीत काढायच्या, पाणी पिवळं पडायच्या आत बदलायचं, हे त्यांचं काम. “ताईंनी नुसतं बघितलं तरी पेशी लाजून वाढतात,” असं लोक म्हणत. ताई तोंडानं “पुरे, पुरे” म्हणायच्या. पण सांगणाऱ्यानं वाक्य अर्धवट सोडलं तर ते पुरं होईपर्यंत जागच्या हलायच्या नाहीत.

त्यांनी खोलीतला दिवा घालवला आणि डोळा लावला. निळ्या झोतात आधी नुसता काळोख दिसला. मग चांदणं फुटावं तसे हिरवे ठिपके उमटले.

“अगं बाई!”

“काय अगं बाई? चांगलं की वाईट?”

“चमकताहेत.”

“थोड्या?”

“थोड्या कसल्या? जवळजवळ सगळ्या. उघड डोळे, ये.”

वादळानं स्टूलसकट ताईंना मिठी मारली.

हिरवा उजेड ही त्या पेशींत दडून बसलेल्या एका विषाणूची खूण होती. हा विषाणू दंगा करणाऱ्यांतला नाही. पेशीत शिरतो आणि गप्प बसतो, माणसाच्या जन्मभर. बहुतेकांना त्याचा पत्ताही लागत नाही; पण एखाद्या अशक्त देहात तोच पुढे गाठीचं निमित्त होतो. पेशी तर सारखी दुभंगत असते, एकीच्या दोन, दोनाच्या चार. त्या फाळणीत या बिनबोलावलेल्याचा डीएनए हरवत कसा नाही? प्रयोगशाळेच्या सरांनी या एका प्रश्नावर केस पिकवले होते, आणि नंतर ते केसही गळून गेले होते. त्यांचं उत्तर असं की विषाणू एक दुहाती प्रथिन तयार करतो. एका हातानं ते विषाणूचा डीएनए धरतं, दुसऱ्या हातानं पेशीचं गुणसूत्र. गुणसूत्रं दोन्हीकडे वाटली जातात, त्यांच्याबरोबर हाही जातो.

वादळानं त्या प्रथिनाचा दुसरा हात मुद्दाम ढिला केला होता. ज्या पेशींत विषाणूचा हात शाबूत ती ‘घट्ट’ बाटली, आणि ही ‘ढिली’. ढिलीतला उजेड पेशी दुभंगता दुभंगता विझत जायला हवा होता. तो विझला नव्हता. म्हणजे धरून राहायची आणखी एखादी युक्ती विषाणूजवळ होती, आणि ती अजून कुणालाच ठाऊक नव्हती.

सर आले, त्यांनी पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

“हे खरं असेल तर माझं निम्मं आयुष्य रद्दीत गेलं,” ते म्हणाले, आणि पोरासारखे हसले. “परिषदेत तूच बोल. आणि ताई, या ढिल्या पेशी किती मरतुकड्या होत्या! दुसऱ्या कुणाच्या हाताखाली जगल्या नसत्या. लेखावर तुमचं नाव जाणार.”

“माझं कशाला, सर?”

“कारण तुम्ही जगवल्यात.”

त्या संध्याकाळी ताई घरी चालत गेल्या त्या वाट रिकामी असून मिरवणुकीत असल्यासारख्या.

घरी त्यांचे वडील, आप्पा, शिलाई मशीनवर एका कोटाचं अस्तर बसवत होते. आप्पा धंद्यानं शिंपी. पण आठवड्यातून एकदा सभागृहात उभे राहून गाऊन निरूपण करायचे. पद म्हणायचे, दृष्टांत द्यायचे, हसवता हसवता माणसांना देवाच्या दारात नेऊन सोडायचे. आवाज आता वरच्या पट्टीत फाटायचा, पण लोकांना तो फाटका आवाजच गोड लागायचा.

“आप्पा, माझं नाव छापून येणार आहे.”

मशीन थांबलं. “कशात? पोलिसांत तर नाही ना?”

“आप्पा!”

“अगं, आपल्या घराण्यात आजवर कुणाचं छापून आलेलं नाही, म्हणून विचारलं.” त्यांनी कोट बाजूला ठेवला. “बस. आणि मला कळेल असं सांग.”

ताई बसल्या. “समजा, एक घर आहे. घरात एक पाहुणा येतो आणि कायमचा राहतो.”

“घरजावई.”

“तसंच समजा. भांडत नाही, काही मागत नाही, आवाज करत नाही.”

“मग घरजावई नव्हे. पुढं बोल.”

“घराची वाटणी निघते. एका घराची दोन घरं. वाटणीआधी घरातली चीजवस्तू दुप्पट करतात, दोघांना सारखी मिळावी म्हणून. पाहुण्याचं गाठोडंही दुप्पट होतं. पण वाटणारे मोजून नेतात ती घरची कपाटं. पाहुण्याचं गाठोडं कोण मोजतो? ते अंगणात राहिलं तर राहिलं.”

“मग हा काय करतो?”

“गाठोडं कपाटाला धरून ठेवतो. कपाट जिकडं, गाठोडं तिकडं. दोन्ही घरांत हा आपला हजर.”

आप्पांचे डोळे चमकले. “कपाटात मिसळून जातो का गं? शिवून टाकल्यासारखा?”

“नाही. वेगळाच राहतो. नुसता धरून.”

आप्पांनी मघाचं अस्तर उचललं. कोटाला ते पांढऱ्या दोऱ्यानं लांब लांब टाक्यांत तात्पुरतं अडकवलेलं होतं. “म्हणजे शिवण नव्हे, टाचण. कोट हलवला की अस्तर हलतं, पण दोरा ओढला की सुटं.”

“हेच, आप्पा. अगदी हेच.”

“वा रे देवा, तुझी शिंपीगिरी!” आप्पांनी वर पाहून हात जोडले. मग लेकीकडे वळले. “आणि यात तू काय केलंस?”

हा प्रश्न ताईंना कुणीतरी विचारायला हवा होता. त्या सावरून बसल्या. “ज्यांचा टाका ढिला होता ना, त्या पेशी फार अशक्त होत्या. ताज्या पाण्यावर धरेनात. मग मी आमची जुनी रीत वापरली. शेजारी त्याच कुळाच्या धडधाकट पेशींची मूळ बाटली असते. तिचं वापरलेलं पाणी गाळून थोडं यांच्या पाण्यात मिसळायचं. दणकट पेशींनी त्यात वाढीचं कायकाय सोडलेलं असतं. अशक्तांना ते मानवतं.”

“आजारी लेकराला भरल्या ताटातला घास.”

“तसंच.”

“त्या ताटात काय काय असतं?” आप्पांची ही सवय होती. दृष्टांत द्यायचा तर त्यातले जिन्नस पक्के माहीत हवेत.

“साखर, क्षार, जीवनसत्त्वं, त्या पेशींनी सोडलेली प्रथिनं, आणि...”

ताईंचं बोट हवेतच राहिलं.

आणि औषध.

मूळ बाटल्या नेहमी औषधात राखलेल्या असतात. त्या औषधावरचा उतारा संशोधकांनी विषाणूच्याच गाठोड्यात बांधून दिलेला असतो. पाहुणा घरात असेल तर पेशी जगते. पाहुणा निघून गेला की औषध तिला मारतं. प्रयोगाच्या बाटल्यांत मात्र औषध बंद करायचं होतं. धाक काढून घेतल्यावर पाहुणा स्वतःच्या हातानं टिकतो का, एवढंच तर पाहायचं होतं. आणि ताई मायेचा घास म्हणून तेच औषध थोडंथोडं त्यांच्या तोंडी घालत होत्या. ज्या पेशीतून विषाणू गळून पडला ती मरून वर तरंगत होती. तो पांढरा चुरा ताईंनी अशक्तपणाच्या खाती टाकला होता. मागं उरत होत्या त्या हिरव्याच. सगळ्या हिरव्या दिसणारच होत्या.

“काय झालं गं?”

“चुकलं, आप्पा.” त्यांनी थोडक्यात सांगितलं.

आप्पांनी अस्तरावरून हात फिरवला. “हे कुणाला कळेल?”

“कुणालाच नाही. तुम्ही विचारलं नसतं तर मलाही कळलं नसतं.”

“मग मी विचारायला नको होतं.”

“आप्पा, तुम्ही असं म्हणता?”

“बाप आहे मी. निरूपणकार नंतर.” त्यांनी चष्मा काढला. “तुझं नाव छापलेलं मला बघायचं होतं गं.”

ताईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी वादळ दारावर चाल करून आलं ते गाणं गुणगुणत. ताईंनी तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही, तशीच उभ्यानं ऐकत राहिली. ऐकता ऐकता तिचं गुणगुणणं कधी थांबलं ते तिलाही कळलं नसेल.

“ताई, परिषद तोंडावर आलीय.”

“माहीत आहे.”

“मी आईला सांगितलंय. आईनं अख्ख्या नात्याला सांगितलंय!”

“मीही आप्पांना सांगितलंय.”

“पण इतकंसं औषध! पातळ झालेलं. त्यानं कदाचित काहीच फरक पडला नसेल.”

“कदाचित.”

“मग?”

“मग हा ‘कदाचित’ हातात धरून तू त्या व्यासपीठावर उभी राहशील का, सांग. राहणार असशील तर मी गप्प बसते.”

वादळाच्या डोळ्यांत पाणी आलं. “तुम्हाला कुणी सांगितली होती एवढी माया करायला? सांगितलं होतं तेवढंच करायचं ना!” ती गेली, आणि या वेळी दार तिनं आपटलंही नाही. ताईंना तेच जास्त लागलं.

सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. डोक्यावरून हात फिरवत खिडकीशी उभे राहिले.

“ताई, विषाणूच्या या हातावरच रोगाचं औषध शोधणारी माणसं आहेत,” ते म्हणाले. “हात सोडवला तर विषाणू पेशीला न दुखवता आपोआप गळून जाईल, अशी त्यांची आशा आहे. आपण त्यांना सांगायला निघालो होतो की उपयोग नाही, सोडा नाद.” ते खिडकीपासून वळले. “कुणी सोडलाही असता.”

“माझं नाव काढून टाका, सर.”

“नाव मी जगवण्यासाठी घातलं होतं. ते तुम्ही केलंय. आणि आज जे केलंत, त्यासाठी वेगळं नाव घालायची सोय असती तर तेही घातलं असतं.” मग ते परिषदेला फोन लावायला बसले. वादळाची बोलायची जागा दुसऱ्या कुठल्या प्रयोगशाळेला गेली.

प्रयोग पुन्हा मुळापासून मांडायचा ठरला. ताईंनी एकच अट घातली.

“ढिल्या बाटलीला मी हात लावणार नाही. सगळं वादळानं करायचं.”

“का? मी मारून टाकीन त्यांना,” वादळ फटकन म्हणाली. त्या दिवसापासून ती ताईंशी कामापुरतंच बोलत होती.

“मारलीस तर मारलीस. माझा हात माया करतो. त्याच्यावर माझा भरवसा नाही.”

ताई काचेआड उभ्या राहून बघायच्या. वादळ जंतू रोखणाऱ्या कपाटाच्या हवेच्या पडद्यामागं हात घालून धसमुसळेपणानं बाटल्या हाताळायची; ताईंचे हात कोटाच्या खिशांत मुठी वळून बसायचे. सुरुवातीला, औषधातून नुकत्याच निघालेल्या ढिल्या पेशी पुन्हा तशाच, सुकलेल्या, विरळ. एकदा बाटली उबेच्या कपाटात परत ठेवताना वादळानं मागं वळून पाहिलं, तर ताईंच्या डोळ्यांत त्या पेशींसाठी इतकं काही दाटलं होतं की तिचा राग जरा सैल झाला.

“दोन थेंब देऊ का तुमच्या त्या जुन्या पाण्याचे?” तिनं मुद्दाम विचारलं.

“हात तोडीन तुझे.”

“माझे कशाला, विषाणूचे मी आधीच तोडलेत.”

ताई हसल्या. पुष्कळ दिवसांनी वादळही हसलं.

आणि मग एक गोष्ट झाली. ढिल्या पेशी आपोआप सावरल्या. घास नाही, माया नाही. साध्या ताज्या पाण्यावर त्या धरल्या, फुगल्या, बाटलीभर पसरल्या. वर चुऱ्याचा कण नाही. त्यांना अशक्त ठेवत होता तो ताईंचाच घास. वादळानं बाटली उजेडात धरली आणि ताई किती तरी वेळ बघत राहिल्या. चेहऱ्यावर कळ उमटली आणि तिच्या मागोमाग हसू.

“काय झालं?” वादळानं विचारलं.

“माझ्यावाचून बऱ्या झाल्या गं.”

“मग वाईट वाटतंय?”

“वाटतंय की. आईला वाटतंच. पण कशा टवटवीत झाल्यात बघ!”

निळ्या झोतात मात्र बाटली विझत चालली होती. प्रत्येक खेपेला हिरवे ठिपके विरळ होत गेले. पेशी भरपूर, उजेड थोडका. शेवटी तर सगळा काळोख आणि त्यात चुकलेल्या दोन-चार काजव्यांसारख्या खुणा. शेजारची घट्ट बाटली, तीही औषधाविना, पहिल्यासारखीच झगमगत होती. वादळानं घट्ट बाटलीतल्या एका दुभंगत्या पेशीला रंग देऊन काचेवर घेतलं आणि ताईंना हाक मारली. मध्ये पेशी चिमटीत धरल्यासारखी आवळलेली. दोन्ही बाजूंना गुणसूत्रांचे दोन गुच्छ, आणि त्या गुच्छांवर चिकटलेले विषाणूचे ठिपके, इकडेही आणि तिकडेही.

“बघा, दोन्हीकडे पोचला,” वादळ म्हणाली.

“हात शाबूत आहे ना. पोचणारच.” ताईंनी डोळा काढला नाही. “देवानं याला विषाणू केलं हे एक बरं. माणूस केला असता तर कुणाकुणाच्या वाटणीत घुसला असता!”

लेख झाला. मोठा नाही, जे आधी मानलं जात होतं तेच खरं, हात सुटला की पाहुणा जातो, एवढंच सांगणारा. जुन्या पाण्यातून औषध कसं चोरपावलांनी येतं, हेही त्यात सरळ लिहिलं होतं, म्हणजे दुसऱ्या कुणा मायाळू हातानं तेच करू नये. पुढच्या परिषदेत तो एका कोपऱ्यातल्या भिंतीवर लावला गेला. येणारे-जाणारे थांबत, वाचत, मान हलवून पुढे जात. एक बाई मात्र पुष्कळ वेळ उभी होती, असं वादळानं येऊन सांगितलं. ती त्या हातावरचं औषध शोधणाऱ्यांतली होती.

“काय म्हणाली?” ताईंनी विचारलं.

“म्हणाली, आता निर्धास्त काम करते.”

आप्पांना छापलेलं नाव दाखवलं तेव्हा त्यांनी त्यावरून बोट फिरवलं, कापडाचा पोत बघावा तसं.

“आता निरूपणात सांगू का?”

“पाहुण्याचं सांगा. माझं नको. ‘माझी लेक’ असंही नाही म्हणायचं.”

“अगं, एवढा अभिमान पोटात ठेवून मी उभा कसा राहू?”

“शब्द द्या, आप्पा.”

आप्पांनी नाइलाजानं शब्द दिला.

त्या आठवड्यात सभागृह भरलं होतं. सर मागच्या रांगेत, वादळ ताईंच्या शेजारी. ताई नेहमीप्रमाणे आप्पांच्या डावीकडे, पुढच्याच ओळीत. आप्पांनी पाहुणा सांगितला, गाठोडं सांगितलं, वाटणी सांगितली. घरजावयावर सभागृह पोट धरून हसलं. मग त्यांनी आवाज खाली आणला.

“आता ऐका. एका बागेत एक माळीण होती. मालक म्हणाला, या रोपाला पाणी घालू नकोस. बघू, स्वतःच्या मुळांवर उभं राहतं का. माळीण मायाळू. तिनं पाणी नाही घातलं. पण शेजारच्या वाफ्याला पाट सोडला की ओल इकडंही झिरपायची. तिच्या ध्यानात नाही आलं. रोप वाढलं. मालक खूश. म्हणाला, बाई, बागेच्या दारावर तुझं नाव कोरतो. आणि मग एका संध्याकाळी माळणीला ती ओल दिसली.”

आप्पा एक पाऊल पुढं आले.

“कुणी पाहिलं नव्हतं. रोप तर उभं होतं. दारावर नाव कोरायला घेतलं होतं. माळीण गेली मालकाकडं आणि म्हणाली, मालक, हे मुळांवर उभं नाही. माझ्या पाण्यावर उभं आहे. सज्जनहो, देवाला धरून आहोत असं आपण सगळेच म्हणतो. आपल्या मुळाशी कुणाची ओल आहे, हे स्वतःच्या तोंडानं सांगणारी माणसं...”

इथं त्यांचा आवाज फाटला. पेटीवाल्यानं सूर धरला आणि वाट पाहिली. लोकही वाट पाहत होते, की आप्पा आता त्या माळणीबद्दल काहीतरी सांगतील.

आप्पांनी पुढचं पद उचललं. ताई डावीकडे बसल्या होत्या. दिलेला शब्द सांभाळत आप्पांनी मान पुरती उजवीकडे वळवली. उजवीकडे नुसती भिंत होती. शेवटपर्यंत आप्पा त्या भिंतीलाच गाऊन सांगत राहिले.